काळ्या तेलाचे दोन हात

पाऊस संपला असं समजून मिठाच्या आगरातल्या सगळ्यांनी वाफे चोपून घेतले. भरतीचं पाणी आत घेतलं, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत फिरवत घट्ट केलं, पहिल्या मिठाची साय धरली, आणि एका दुपारी, ध्यानीमनी नसताना, आभाळ असं फुटलं की दोन तासांत सव्वा महिन्याची मेहनत पुन्हा पाणी होऊन बसली. मीठच ते. त्याला विरघळायला असा कितीसा वेळ लागतो!

तिसऱ्या दिवशी मुकादम छत्री बगलेत मारून बांधावर आला.

“दोन गोष्टी सांगायच्यात,” तो म्हणाला. “एक, मालक म्हणतात, खालच्या अंगाचे वाफे यंदा पडीक ठेवू. म्हणजे माणसं कमी लागणार. किती कमी, ते मला विचारू नका. दुसरी गोष्ट, सोमवारी सरकारी डॉक्टर येणार आहेत. उन्हात काम करणाऱ्यांच्या कातडीचा कॅन्सर तपासतात. फुकट आहे. सगळ्यांनी जायचं, कार्ड मिळेल ते मला आणून दाखवायचं.”

एवढं बोलून तो गेला. पण दोन्ही गोष्टी त्याने एका दमात सांगितल्या होत्या, आणि ऐकणाऱ्यांनी त्यांची गाठ मारून घेतली. संध्याकाळपर्यंत आगरभर झालं की ज्याचं कार्ड साफ त्याच्या हातात दंताळं, ज्याच्या अंगावर डाग तो घरी. असं नेमकं कोण म्हणालं ते कुणालाच सांगता येईना, आणि सगळ्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

आगरातल्या सगळ्यात उंच माणसाला शिडी म्हणत. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, तिथेच राहिलं. दंताळं ओढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने काठाला आणलेली मिठाची ओळ दोरी लावल्यासारखी सरळ पडायची. आणि शिडीची बायको म्हणून ती शिडीवहिनी. ती त्याच्या कोपराला लागेल एवढीच. तो टोपली भरायचा आणि तिच्या डोक्यावर ठेवायला कमरेत वाकायचा. त्यावरून वीस वर्षं एकच विनोद चालू होता: “शिडी, दोन पायऱ्या खाली ये रे, वहिनी चढतायत!” वीस वर्षं लोक त्याला हसत होते, आणि ती दोघंही हसत होती.

आगरात माणसं जोडीने लागायची. एक ओढणारा, एक वाहणारी. ओढणारा सुटला की वाहणारीही सुटली. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण तसंच होतं.

रविवारी दिवेलागणीला वहिनीने तेलाचा डबा चुलीशी कोमट करायला ठेवला. हे तेल म्हणजे पंपाच्या इंजिनातून काढलेलं जळकं, काळंकुट्ट तेल. पंपवाला ते डब्याडब्याने सगळ्यांना वाटायचा. मिठाच्या पाण्यात दिवसभर उभं राहिलं की तळव्यांना भेगा पडतात, भेगांत मीठ शिरतं, आणि मग पाऊल टाकणं म्हणजे काचेवर चालणं. म्हणून रोज संध्याकाळी तळव्यांना तेल चोळायचं, वरून चुलीतली राख दाबायची आणि पाय तसेच उशीवर ठेवून निजायचं. आपले तळवे आपल्याला नीट चोळता येत नाहीत. अंगठा भेगेत जाऊन फिरला पाहिजे. ते काम घरातल्या बाईचं. शिडीच्या आईने आधी आपल्या नवऱ्याच्या आणि मग मुलाच्या पायाला तेल लावलं, आणि सून घरात आली त्या दिवशी डबा तिच्या हातात दिला.

शिडी भिंतीला टेकून, पाय लांब करून बसला. खोली एवढीशी, त्याचे पाय चुलीपर्यंत पोचले.

“आखूड करा जरा,” वहिनी म्हणाली. “स्वयंपाकात येतायत.”

“कापून घे चार बोटं,” तो म्हणाला.

म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली, “अभद्र बोलू नये रे तिन्हीसांजेला.” तिला ऐकू कमी यायचं, पण ऐकू नये ते बरोबर ऐकू जायचं.

वहिनीने डावा पाय मांडीवर घेतला. राखेचा थर ओल्या फडक्याने पुसला. टाचेच्या पुढे, जिथे पाऊल आत वळतं तिथे तो डाग होता. दोन हंगामांपूर्वी तिने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मोहरीएवढा होता. तेल आत मुरलं असेल म्हणून तिने तेव्हा नखाने खरवडून पाहिला होता. गेल्या वर्षी चवळीएवढा झाला. आता तिच्या अंगठ्याखाली मावत नव्हता. ओल्या कागदावर शाई सांडावी तशी त्याची एक कड बाहेर पळालेली, आणि त्या कडेला गेल्या महिन्यापासून ओल यायची. शिडी हल्ली पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायचा. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. उंच माणूस, डुलत चालतो, असं वाटायचं.

“दुखतंय?”

“दुखत नाही. खाजतंय.” त्याने कोपऱ्यातल्या आईकडे पाहिलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, “दाखवावा का गं उद्या?”

तिने डब्यात दोन बोटं बुडवली.

“फुकट आहे म्हणे. बघतील, औषध देतील.”

“आणि मुकादमाला काय दाखवाल? औषधाची बाटली?”

“तेही आहेच म्हणा.”

“तुमचं दंताळं गेलं की माझी टोपली गेली. मग तिघं मिळून तुमच्या डागाकडे बघत बसू.” ती कडवट बोलली आणि लगेच तिलाच वाईट वाटलं. “पावसाच्या तोंडावर जाऊ की दवाखान्यात. हंगाम संपला की कुणाच्या बापाची भीती आहे?”

“हो, पावसाच्या तोंडावर जाऊ,” तो म्हणाला. त्याला बरं वाटल्यासारखं झालं. कुणीतरी ठरवायला हवं होतं, ते ठरलं.

तिने तेल चोळलं, राख दाबली. सकाळी मात्र तिने रोज करत नसे ते केलं. तो निघायच्या आत पुन्हा त्याचा पाय ओढून घेतला आणि तेलाचा आणखी एक हात मारला. या वेळी डागावर जास्त. दोन्ही तळवे सारखे दिसावेत म्हणून उजव्यालाही तेवढाच.

“एवढं कशाला?” तो म्हणाला. “रात्री लावलंस ना.”

“असू द्या.”

म्हातारी बघत होती.

तपासणी मिठाच्या गोदामात होती. गोदाम रिकामंच होतं, यंदा भरायला होतं काय! दाराशी एक मोठं चित्र टांगलेलं: एका गोऱ्यापान, गुलाबी माणसाचं तोंड आणि त्याच्या नाकावर एक डाग, त्याला लाल गोल केलेला. रांगेतल्या लोकांना ते बघून फार मौज वाटत होती.

“हा आपल्या आगरात आला तर सकाळी येईल आणि दुपारी शिजेल.”

“आपल्याला कुठला होतोय? आपण आधीच भाजलेले.”

“मुकादमाच्या नाकावर आहे बघ तसलाच.”

“तो डाग नाही, ती माशी आहे. त्याने अंघोळ केली की उडेल.”

काटेवालीण वहिनीच्या मागे उभी होती. तिचा नवरा मिठाच्या काट्यावर वजन करायचा, म्हणून ती काटेवालीण. तिची नुकती लग्न झालेली लेक माहेरी आली होती, तीही सहज रांगेत उभी राहिली होती.

“वहिनी, कपडे काढायला लावतात का गं?” काटेवालिणीने कानाशी येऊन विचारलं.

“तुझे कोण काढायला लावतंय!”

दोघी तोंडावर फडकं धरून हसल्या.

पडद्याआड एक तरुण डॉक्टरीण होती. चष्मा घामाने घसरत होता, ती तो मनगटाने वर सारायची. हातात दिव्याचं भिंग. दुसऱ्या डॉक्टरांसारखी ती घाईत नव्हती. कानाच्या मागे बघायची, बोटांच्या मध्ये बघायची, नखं बघायची. पंपवाल्याच्या कानाच्या पाळीवर तिने इतका वेळ भिंग धरलं की रांग कुजबुजायला लागली. मग तिने काहीतरी लिहिलं आणि पंपवाला गोरामोरा होऊन बाहेर आला. त्याच्या कार्डावर लाल रेघ होती. लोकांनी त्याला वाट दिली, जरा जास्तच.

आगरात नवरा-बायको जोडीने कामाला म्हणून जोडीनेच आत सोडत होते. शिडी स्टुलावर बसला तरी त्याचं डोकं डॉक्टरिणीच्या वर होतं. तिने त्याचं तोंड, मान, पाठ, हात बघितले.

“पायातलं काढा.”

“पाय?” शिडी म्हणाला. “पायाला ऊन कुठे लागतं बाई? ते पाण्यात असतात.”

“आपल्यासारख्या सावळ्या लोकांना उन्हातला कमी होतो,” ती म्हणाली. “झाला तर तळव्याला होतो, नखाखाली होतो. तिथे कुणी बघत नाही, म्हणून उशिरा कळतो.”

तिने हे सगळ्यांना सांगितलं होतं की त्या दोघांनाच, हे वहिनीला कधी कळलं नाही. तिने ते ऐकलं मात्र. शब्दन्‌शब्द ऐकलं. पुढे कुणी म्हणालं असतं, तुला कुठे माहीत होतं, तर तिला तेही म्हणवून घेता आलं नसतं.

शिडीने पाय पुढे केले. काळे, राखाडी, भेगाळलेले. डॉक्टरिणीने भिंग धरलं आणि तिला काळ्याशिवाय काही दिसेना. तिने कापसावर स्पिरिट घेतलं, पुसलं. कापूस काळा झाला. दुसरा घेतला. तोही काळा. उजवी टाच जराशी उजळली. डाव्या पावलाचा पुढचा भाग पुसून झाला.

“सगळ्यांचेच असे आहेत,” ती वैतागून, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “हे तेल आजच्या दिवस नसतं लावलं तर?”

मुकादमाने पडद्यातून डोकं आत घातलं. “बाई, असा एकेकाचा पाय धुत बसलात तर उद्याची संध्याकाळ होईल. बाहेर दीडशे माणूस उभं आहे. माझे वाफे सुकतायत.”

डॉक्टरिणीने हातातल्या काळ्या बोळ्याकडे पाहिलं. मग तिने मान वर केली आणि शिडीच्या पाठीमागे उभ्या असलेल्या वहिनीला विचारलं, “तेल तुम्ही लावता?”

“हो.”

“यांच्या तळव्याला कधी काळा डाग, तीळ, बरी न होणारी जखम असं काही पाहिलंत का?”

शिडी समोरच्या पडद्याकडे बघत होता. त्याची मान ताठ झालेली तिला मागून दिसली. त्याने वळून पाहिलं असतं तर कदाचित ती वेगळं बोलली असती. त्याने पाहिलं नाही.

“नाही,” वहिनी म्हणाली. “मीच लावते रोज तेल. मला माहीत नसतं का?”

डॉक्टरिणीच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. तिने वहीत एक ओळ लिहिली, कार्डावर शिक्का मारला. निळा. मग वहिनीला स्टुलावर बसवलं. तिचेही पाय काळेच होते.

हंगाम लागला. मुकादमाने कार्डं पाहिली न पाहिल्यासारखी केली आणि खालच्या वाफ्यांवरची माणसं त्याला वाटेल तशी कमी केली. त्यात चार जण निळ्या शिक्क्याचेच होते. लाल रेघ आगरातून तिघांवरच निघाली: पंपवाला, गोदामाचा म्हातारा राखणदार आणि काटेवालिणीची लेक.

पंपवाला शहरात गेला आणि नवव्या दिवशी परत आला. कानाला पांढरी पट्टी, तोंडभर हसू. पाळीचा तुकडा कापला होता, बस्स. पंपावरच रुजू झाला.

“मुकादम काही म्हणाला नाही?” शिडीने त्याला विचारलं.

“काय म्हणणार? म्हणाला, टोपी घाल. एक टोपी दिली उलट. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलास. वर्षभर राहिलं असतं तर कानासकट डोकं गेलं असतं.” तो खो खो हसला. “तसं डोक्याचं मला फारसं काम नसतंच म्हणा.”

राखणदाराच्या हातावरचं काही नव्हतं असं निघालं. काटेवालिणीच्या लेकीच्या नडगीवरचंही काही नव्हतं. पण लाल रेघेची बातमी तिच्या सासरी पोचली होती. पक्कं कळेपर्यंत माहेरीच असू दे, असा निरोप आला. पक्कं कळलं, तो कागदही पाठवला. न्यायला कुणी आलं नाही.

पंपवाला भेटला त्या दुपारी डबा खाताना वहिनी नवऱ्याला म्हणाली, “अहो, जाऊ या आपण.”

“पावसाच्या तोंडावर ठरलंय ना?”

“पंपवाल्याला काही झालं नाही. कामावरून काढलं नाही.”

“त्याचा कान होता. पंप काय कानाने चालवायचा असतो? माझा पाय आहे. पाय कापला तर मी वाफ्यात काय डोक्यावर उभा राहू?” मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “आणि जाऊन सांगायचं काय? डॉक्टरिणीला तू नाही म्हणालीस. आता आहे म्हणणार?”

खोटं बोलायला एक क्षण पुरला होता, ते मागे घ्यायला मात्र आख्खी वाट परत चालून जावी लागणार होती. ती टोपलीचा काठ आवळत बसली.

मीठ पडायला लागलं तसं काम वाढलं. पहाटे वाफ्यावरचा पापुद्रा मोडायचा, दुपारपर्यंत ओढायचं, उतरत्या उन्हात राशी करायच्या. पांढऱ्या राशींवरून ऊन परतून डोळ्यांत घुसायचं. शिडी ओढत होता, पण त्याची ओळ वाकडी पडायला लागली. आधी बोटभर, मग वीतभर. नंतर हातभर वाकडी. लोकांनी विनोद केले, मग करायचे सोडून दिले. टोपली डोक्यावर ठेवायला तो वाकायचा तेव्हा दंताळ्याचा आधार घ्यायचा. संध्याकाळी तेल लावताना वहिनीला बोटांना रक्त लागायचं. ती ते राखेत पुसायची.

एकदा म्हातारी तिच्या मागे येऊन उभी राहिली आणि वाकून पायाकडे बघत राहिली.

“किती दिवस?” तिने विचारलं.

“दोन-तीन वर्षं,” वहिनी मोठ्याने म्हणाली.

“मला आंधळी समजलीस? बहिरी आहे मी, आंधळी नाही. त्या सकाळी दुसरा हात मारलास तेव्हाच कळलं मला.”

“मग बोलला का नाहीत?”

म्हातारी वळून आपल्या कोपऱ्यात गेली. तिला ऐकू आलं नसावं, किंवा आलंही असेल.

हंगाम संपायला महिना असताना शिडी वाफ्यात बसला. पडला नाही, घोटाभर पाण्यात हळूच बसला आणि जांघ दाबून धरली. तिथे लिंबाएवढी गाठ होती. ती त्याने वहिनीपासूनही लपवली होती. त्याला पंपवाल्याच्या गाडीवरून तालुक्याला नेलं, तिथून शहरात. शहरातल्या डॉक्टरने पायावरचं तेल धुऊन काढायला लावलं. धुवायला वहिनीच बसली. साबण, दगड, पुन्हा साबण. तीन तसराळी पाणी काळं झालं. पाऊल उजेडात आलं तेव्हा तिला ते परक्याचं असावं तसं दिसलं. वीस वर्षांत तिने ते इतकं स्वच्छ कधी पाहिलं नव्हतं.

“तुमच्याकडे तपासणी झाली नव्हती का?” डॉक्टरने विचारलं. “तुमच्या भागात तर याच हंगामात झाली.”

“झाली होती,” शिडी म्हणाला. “तेव्हा नव्हतं.”

त्याने बायकोला वाचवलं. तिला ते खपलं नाही, पण ती काळ्या पाण्याचं तसराळं उचलून ओतायला गेली.

डागासकट अर्धी टाच कापली, जांघेतल्या गाठी काढल्या. काही दिवस बरं वाटलं. मग खोकला लागला. घरी आणल्यावर तो भिंतीला टेकून, पाय लांब करून बसायचा, तसाच, चुलीपर्यंत. एकदा तिच्याकडे बघून म्हणाला, “चार बोटं काप म्हणालो होतो. यांनी जास्तच कापली.” आणि खोकत खोकत हसला. ती हसली नाही. तेव्हा तो म्हणाला, “अगं, दुसरा हात कशाला मारलास? एक पुरला असता.”

तो तिला दोष देत होता की तिची थट्टा करत होता, हे तिने पुढे शंभर वेळा मनात घोळवून पाहिलं.

पावसाळ्यात, सगळं आगर पाण्याखाली असताना, तो गेला. त्याच्या उंचीला खाट पुरली नाही. पाय बाहेर राहिले.

नव्या हंगामाला वहिनी मुकादमापुढे जाऊन उभी राहिली. “जोडी नाही तुझी,” तो म्हणाला. “बांधाचा चिखल थाप सध्या. बघू.” मग जरा थांबून, उगाच, म्हणाला, “शिडीने लपवायला नको होतं. मला सांगितलं असतं तर काही सोय केली असती.”

“तुम्हीच म्हणाला होतात, कार्ड साफ असेल तर काम.”

“मी?” मुकादमाने छत्री दुसऱ्या बगलेत घेतली. “मी म्हणालो, कार्ड आणून दाखवा. साफ असलं तर, हे कोण म्हणालं? शोधून आण त्याला.”

ती चिखल थापायला गेली.

तपासणी पुन्हा त्याच गोदामात होती. तेच गोरं चित्र, वर्षभरात कडा फाटलेली. त्याच्याखाली यंदा एक कागद चिकटवला होता. रांगेत कुणीतरी तो मोठ्याने वाचत होतं: गेल्या वर्षी तपासले इतके, संशयित तीन, बाकी सर्व निरोगी. लोक मान डोलवत होते.

वहिनीने आदल्या संध्याकाळी पाय धुतले होते. साबण, दगड, पुन्हा साबण. तेलाशिवाय सकाळपासून भेगा उघड्या पडून चटका बसत होता, पण तळवे लख्ख होते. तिच्या मागे काटेवालीण उभी होती, आणि काटेवालिणीची नवी सून. या वर्षी घरात सून आली होती. लेक अजून माहेरीच होती.

आत तीच डॉक्टरीण होती. चष्मा नवा. तिने वहिनीला ओळखलं नाही. तिने वही उघडली आणि बोट फिरवत म्हणाली, “तुमच्यात जोडीने नोंद असते ना? मिस्टर आले नाहीत?”

“नाही.”

“काय लिहिलंय यांचं...” तिने मागच्या वर्षीचं पान उलटलं आणि वाचलं, “तळवे तेलकट, पूर्ण दिसले नाहीत. पत्नीच्या सांगण्यावरून डाग नाही.” मग वर पाहिलं. “पाठवून द्या त्यांना. यंदा पूर्ण बघू. आम्ही पाचपर्यंत आहोत.”

पडदा पातळ होता. बाहेरची कुजबुज ऐकू येत होती, म्हणजे आतलं बाहेरही ऐकू जात होतं. वहिनीला ते कळत होतं.

“ते खोटं आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“ते लिहिलंय ते. डाग होता. मला माहीत होतं. मी त्यावर तेल चोपडलं. रात्री एकदा आणि सकाळी एकदा.” तिचा आवाज फुटला नाही, उलट मोठा झाला. “ते पावसात गेले. तेवढी ओळ खोडा.”

बाहेर कुजबुज थांबली. डॉक्टरिणीने पेन उचललं, आणि ते तसंच धरून राहिली. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. ती वहीतल्या ओळीकडे बघत होती. ती तिच्याच हातची होती.

“मागच्या वर्षीचं खोडता येत नाही,” अखेर ती हळू म्हणाली. “ते वर गेलेलं आहे. आकडे झालेत त्याचे.”

“म्हणजे ते निरोग्यांत?”

डॉक्टरिणीने होकारार्थी मान हलवली.

मग तिने वहिनीचे पाय मांडीवर घेतले आणि खूप वेळ बघितले, प्रत्येक बोट बाजूला करून. काही नव्हतं. निळा शिक्का. वहिनी उठली, पण बाहेर गेली नाही. पडदा सरला आणि काटेवालिणीची सून आत आली, मागून काटेवालीण. पोर अठराएकोणीसची. स्टुलावर बसली. पाय दाट काळे, ओले चकाकत होते. तेल त्याच सकाळचं होतं. वहिनीला लांबूनच कळलं.

तिने टेबलावरचा कापूस उचलला, स्पिरिटची बाटली घेतली आणि जमिनीवर बसून पोरीचा घोटा धरला.

“काकू, काय करताय?” पोरीने पाय आखडून घेतला.

“पुसते. बघू दे बाईंना.”

“सोडा. तुमचा हात नको मला.”

मुकादम पडद्यातून म्हणाला, “ए, तुझं झालं ना? ऊठ तिथून. रांग खोळंबली.”

वहिनी उठली नाही. हातात कोरा कापूस धरून तशीच बसून राहिली. डॉक्टरीण तिच्याकडे बघत होती, रांगेकडे बघत होती, घड्याळाकडे बघत होती. पोरीने दोन्ही पाय स्टुलाखाली ओढून घेतले होते आणि ती सासूकडे बघत होती.

“काही नाही हो बाई तिच्या पायाला,” काटेवालीण म्हणाली. तिने वहिनीकडे पाहायचं टाळलं. “मीच लावते रोज तेल. मला माहीत नसतं का?”